खासगी शाळा पारखायची कशी? आधी मुलांच्या वह्या उघडून बघा

पारिजातक

डिसेंबर-जानेवारी आला की आमच्या भागात (पुण्याचं पश्चिमेकडचं उपनगर) जिथे चार पालक भेटतील तिथे एकच विषय: कुठल्या शाळेचे फॉर्म निघाले, फी किती, बोर्ड कुठलं, बस कुठवर येते. शिकवतात कसं आणि मुलांना सांभाळतात कसं, हे दोन प्रश्न सगळ्यात शेवटी येतात. बऱ्याचदा येतच नाहीत. म्हणून हा धागा काढते आहे.

माझी लेक तिसरीत आहे. शाळा विनाअनुदानित, इंग्रजी माध्यमाची. नाव लिहीत नाही, कारण मला एका शाळेशी भांडायचं नाहीये. इमारत देखणी आहे, स्विमिंग पूल आहे, प्रत्येक वर्गात डिजिटल बोर्ड आहे. परवा तिची गणिताची वही घेऊन बसले. ३०४ वजा १२६, उत्तर २२२. त्यावर लाल पेनाने बरोबरची खूण, बाजूला हसऱ्या चेहऱ्याचा शिक्का. पान उलटलं तर त्याच जातीची चूक पुन्हा, आणि पुन्हा तीच खूण. पुढची पाच-सहा पानं अशीच. शेवटी टीचरची सही आणि तारीख. म्हणजे वही 'तपासलेली' आहे.

यंदा वर्गशिक्षिका दोनदा बदलल्या. तिसऱ्या आल्या तेव्हा अर्ध्या मुलांची नावं त्यांना येत नव्हती, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नव्हता.

दुसरी गोष्ट. तिच्या वर्गातल्या एका मुलाला मधल्या सुट्टीनंतर उलटी झाली. टीचरनी मावशींना हाक मारली, मावशींनी लादी पुसली, आणि तास पुढे सुरू झाला. तो मुलगा शाळा सुटेपर्यंत ओल्या शर्टात बसून होता. घरी फोन गेला नाही. त्याच्या आईला कळलं ते त्याला बसमधून उतरवून घेताना.

मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. जिथे चुकलेल्या उत्तराकडे नीट बघायला कोणाला सवड नाही, तिथे ओल्या शर्टाकडे बघायलाही कोणाला सवड नसते. शिकवणं चांगलं आणि काळजी घेणं वाईट, किंवा त्याच्या उलट, अशी शाळा मी तरी पाहिलेली नाही. तुम्ही पाहिली असेल तर सांगा.

प्रवेशाआधी हे कसं ओळखायचं? आणि प्रवेश झाल्यावर पालकांच्या हातात नेमकं काय असतं? शिक्षकांनीही मोकळेपणाने लिहावं ही विनंती.

---

खडूफळा

मी खासगी शाळेत प्राथमिकला शिकवते, ठाण्याकडे. पारिजातकताई, तुमचं म्हणणं लागलं, कारण खरं आहे. पण त्या लाल खुणेमागे काय असतं तेही सांगते.

माझ्या आधीच्या शाळेत एका तुकडीत बेचाळीस मुलं होती आणि माझ्याकडे दोन तुकड्यांचं गणित. म्हणजे एका विषयाच्या चौऱ्याऐंशी वह्या, शिवाय वर्कशीट्स. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक, असं प्रमाण दिलंय. त्याच परिशिष्टात शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान ४५ तास लिहिले आहेत, आणि ते तयारीचा वेळ धरून. तो तयारीचा वेळ आम्हाला कुठे मिळतो? रजेवर असलेल्या किंवा सोडून गेलेल्या टीचरच्या वर्गावर बदली तास घेण्यात जातो. उरलेल्या वेळात अ‍ॅपवर फोटो टाकायचे, स्नेहसंमेलनाचे पोशाख बघायचे, पालकांच्या मेसेजना उत्तरं द्यायची.

मग कोऑर्डिनेटर वह्या मागवते. ती काय बघते? प्रत्येक पानावर सही आहे की नाही. मूल काय शिकलं हे बघायला तिलाही वेळ नसतो. म्हणून टीचर रात्री घरी बसून भराभर खुणा करत सुटते. मी त्याचं समर्थन करत नाही. चूक आहे ती. पण पालकसभेत एकट्या टीचरला धारेवर धरून ती सुधारत नाही.

आता तुमच्या लेकीची वजाबाकी. २२२ हे उत्तर अंदाजपंचे आलेलं नाही. तिने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय: शतकात ३ मधून १, दशकात २ मधून ०, एककात ६ मधून ४. कुठला अंक वर आहे आणि कुठला खाली, याकडे तिचं लक्षच नाही. 'लहानातून मोठा जात नाही' हे वाक्य तिने फार मनावर घेतलंय आणि त्यातून स्वतःचा नियम तयार केलाय. पहिली-दुसरीत गाळलेली पायरी तिसरीत अशी वर येते. त्यात मध्ये शून्य असलं की आणखी अडचण, कारण दशकाच्या घरातून घ्यायला काही नसतं.

उपाय सोपा आहे. काड्यांचे गठ्ठे घ्या. तीन शतकांचे गठ्ठे आणि चार सुट्या काड्या. एक शतक सोडा, दहा दशक होतात. त्यातलं एक दशक सोडा, सुट्या चौदा होतात. आता तिच्यापुढे २ शतक, ९ दशक आणि १४ सुटे आहेत. त्यातून १ शतक, २ दशक, ६ सुटे उचलायला सांगा. उरतात १७८, आणि ते ती स्वतः मोजते. आधी हाताने करू दे, कागदावर नंतर. दोन-तीन संध्याकाळी पुरतील.

वर्गात हेच करायचं तर अशी चूक करणारी सात-आठ मुलं एका कोपऱ्यात घेऊन बसावं लागतं आणि बाकीच्यांना तेवढा वेळ काहीतरी अर्थपूर्ण काम द्यावं लागतं. चांगली टीचर हे करते. करू दिलं तर.

---

वाटसरू७

थोडं वेगळं मत. आजच्या घडीला शाळेकडून इतक्या अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. शाळा मित्र मिळवायला, चार गोष्टींची सवय व्हायला. अभ्यास घरी किंवा क्लासला होतो. आमच्या दोन्ही मुलांचं तसंच झालं आणि दोघंही चांगल्या मार्गाला लागली. एवढी फी भरून वर मनस्ताप कशाला करून घ्यायचा?

---

पारिजातक

@वाटसरू७, मुलं चांगली निघाली याचा आनंद आहे. पण तिसरीतलं मूल दिवसाचे सहा-सात तास शाळेत असतं. तेवढा वेळ ते जिथे आहे तिथे शिकत नाही आणि मग संध्याकाळी थकलेल्या डोळ्यांनी क्लासला जातं, हे मला मान्य करता येत नाही. शिवाय ज्यांना क्लास परवडत नाही त्यांचं काय? आमच्या शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर आलेली मुलंही आहेत. त्यांच्या आईवडिलांनी शाळेवर विश्वास टाकलाय, क्लासवर नाही.

@खडूफळा, काड्यांचे गठ्ठे आजच करते. मनापासून आभार.

---

माणदेशी

मी अनुदानित माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. सातारा जिल्ह्यात नोकरी झाली. वह्यांचा मुद्दा अगदी योग्य आहे. आमच्या वेळी शिक्षण विस्तार अधिकारी शाळा तपासायला आले की एखाद्या वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाची वही मागून घेत. हुशार मुलाची वही कुठल्याही शाळेत चांगलीच असते.

दुसरे असे की, शिक्षक टिकतो का हे बघा. पगारावर येऊन अडते सगळे. महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आहे, त्याखालची नियमावली १९८१ ची आहे. विनाअनुदानित मान्यताप्राप्त शाळाही त्यातून सुटत नाहीत. पण कागदावर एक पगार आणि हातात दुसरा, अशी तक्रार घेऊन माझे जुने विद्यार्थी, जे आज शिक्षक आहेत, माझ्याकडे येतात. अशा ठिकाणी दुसरी नोकरी मिळाली की माणूस वर्षाच्या मध्यातच जातो. नुकसान मुलांचे होते.

खासगी म्हणजे महाग आणि चकचकीत, हे समीकरण मात्र मला मान्य नाही. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केले. मराठी माध्यम, साधी जागा. आमच्या फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी १९८६ साली कमला निंबकर बालभवन सुरू केले. बाई मूळच्या अमेरिकेच्या, भाषाशास्त्राच्या अभ्यासक, आणि इथे येऊन मुलांना मराठी वाचायला-लिहायला कसे शिकवावे यावर आयुष्यभर काम केले. या दोन्ही संस्थांत मूल आधी आणि बाकी सगळे नंतर. शिक्षेचा धाक नाही. शिक्षकांनी स्वतः वाचायचे, एकत्र बसून चर्चा करायची, आपल्या वर्गात काय घडले ते लिहून काढायचे, ही सवय तिथे लावली गेली. मुलांची काळजी तिथे वेगळी घ्यावी लागत नाही, ती शिकवण्यातच असते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले.

---

कृष्णाकाठची

+१ माणदेशी सर. आमच्या शेजारच्या दोन मुली सृजन आनंदमध्ये होत्या. शाळेतून आल्या की त्याच आईला शिकवायला बसायच्या.

---

बालरोग

मी मुलांचा डॉक्टर. पालकांसाठी एक छोटी चाचणी सांगतो: संध्याकाळी दप्तरातली पाण्याची बाटली बघा. सकाळी भरलेली बाटली रोज तशीच परत येत असेल तर मुलाला विचारा, शाळेत शूला जातोस का?

माझ्याकडे शाळकरी मुली लघवीच्या जंतुसंसर्गाने वारंवार येतात. पोटदुखी आणि बद्धकोष्ठता तर मुलं-मुली दोघांतही. खोलात जाऊन विचारलं की बऱ्याचदा कळतं, मूल सकाळी घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत स्वच्छतागृहात जातच नाही. कारणं ठरलेली. कडी लागत नाही. फरशी ओली असते. पाणी नसतं. मोठ्या वर्गातली मुलं दाराशी उभी राहून चिडवतात. टीचर तासाला जाऊ देत नाहीत आणि मधल्या सुट्टीत रांग संपत नाही. मग मूल स्वतःच तोडगा काढतं: पाणीच प्यायचं नाही.

एका सहा वर्षांच्या मुलीने मला सांगितलं, "कडी नाही ना, मग मैत्रीण दार धरते. ती आली नाही की मी जात नाही." मैत्रीण त्या आठवड्यात आजारी होती.

शाळा बघायला जाल तेव्हा स्विमिंग पूल दाखवतील. तुम्ही पहिली-दुसरीच्या मजल्यावरचं मुलींचं स्वच्छतागृह दाखवा म्हणा. शक्यतो मधली सुट्टी संपल्यावर. कडी स्वतः लावून बघा. मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी हे शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत आहे, शाळा काही उपकार करत नाही.

आणि उलटी झालेल्या मुलाबद्दल: कपडे बदलणं, थोडं पाणी देणं, झोपवणं आणि घरी फोन. यासाठी डॉक्टर लागत नाही. शाळेत कपड्यांचा एक जादा जोड आणि फोन करायची जबाबदारी असलेली एक ठरलेली व्यक्ती, एवढं पुरतं.

---

पारिजातक

डॉक्टर, बाटलीचं वाचून उठले आणि लेकीची बाटली बघितली. अर्धी रिकामी होती. हुश्श. पण हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या परवानगीने टाकू का?

---

बालरोग

जरूर टाका. माझ्या नावाची गरज नाही.

---

अबोली

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

माझ्या मुलाला अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया. बोलण्यात हुशार, गोष्टी रंगवून सांगतो, विमानांची सगळी माहिती तोंडपाठ. पण वाचताना अक्षरं निसटतात. दुसरीपर्यंत 'आळशी आहे' हा शेरा डायरीत. तिसरीत त्याला पहिल्या बाकावरून उठवून मागे एकट्याला बसवलं, कारण तो 'बाकीच्यांना मागे ओढतो'. चौथीत मुख्याध्यापिकांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावून फार गोड शब्दांत सांगितलं, "याच्यासाठी आमची शाळा योग्य नाही, तुम्ही दाखला घेऊन जा, त्याच्याच भल्यासाठी."

मी तेव्हा रडत घरी आले. नवरा मात्र कायदा वाचत बसला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीत परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि आपल्याकडे ती लागूही झाली, पण काढून टाकण्याची मनाई तशीच आहे. कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. आणि दिव्यांग हक्क कायद्याच्या (२०१६) एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे.

आम्ही एक अर्ज दिला: दाखला घ्या असं आपण तोंडी सांगितलंत, ते कृपया कारणासह लेखी द्यावं. लेखी काही आलं नाही. त्यानंतर दाखल्याचा विषय कोणी काढला नाही.

पण फक्त कायद्यावर शाळा चालत नाही. पाचवीत त्याला एक टीचर मिळाल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "त्याला ऐकून जास्त कळतं का? मग मी परीक्षेला प्रश्न वाचून दाखवीन, तो तोंडी सांगेल." फळ्यावरचं उतरवून घ्यायला त्याला शेजारच्या मुलीची वही दिली. एक वाक्य लिहिलं तर एकाच वाक्याचे गुण दिले, पण तोंडी उत्तराचे पूर्ण दिले. त्या वर्षी तो सकाळी उठून स्वतः दप्तर भरायला लागला. शाळा तीच, इमारत तीच, फी तीच.

ज्यांना शंका असेल त्यांनी वेळ घालवू नका. सरकारी रुग्णालयात तपासणी होते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी केंद्र आहे. प्रमाणपत्र मिळालं की दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून लवकर नाव नोंदवा.

---

खडूफळा

अबोलीताई, त्या टीचरना माझा नमस्कार सांगा. एक विचारते: त्या अजून तिथेच आहेत का?

---

अबोली

नाही. गेल्या जूनमध्ये गेल्या. जिल्हा परिषदेत शिक्षक म्हणून निवड झाली त्यांची. पेढे घेऊन घरी आल्या होत्या.

---

निळाई

सुरक्षेबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाले त्यानंतर आम्ही शाळेकडे सगळ्या वर्गांत सीसीटीव्ही मागितला आणि लागलाही. त्याचं थेट प्रक्षेपण पालकांच्या मोबाइलवर मिळावं अशी आता मागणी आहे. मला ते योग्य वाटतं. आपलं मूल आपल्याला दिसायला हवं.

---

खडूफळा

निळाईताई, कॅमेरे असायला विरोध नाही. पण थेट प्रक्षेपण नको. एक तर तुमच्या मोबाइलवर बाकीच्या चाळीस मुलांचंही चित्रण येणार, त्यांच्या आईवडिलांना न विचारता. दुसरं, वर्गात एखादं मूल रडत असेल, कोणाची चड्डी ओली झाली असेल, ते सगळ्या पालकांनी बघावं का? आणि घृणास्पद प्रकार कॅमेऱ्यासमोर होत नाहीत. ते स्वच्छतागृहाजवळ, बसमध्ये, रिकाम्या खोलीत होतात.

त्या घटनेनंतर लगेच शासन निर्णय निघाला त्यात कॅमेऱ्यांशिवाय बरंच काही आहे: कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, विद्यार्थी सुरक्षा समिती. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती तर मार्च २०२२ च्या शासन निर्णयापासूनच प्रत्येक शाळेत असायला हवी. तुमच्या शाळेच्या समितीत कोण आहेत ते विचारा. फलकावर नावं लावलेली असायला हवीत. कंत्राटदाराकडून आलेल्या सफाई कामगारांची, बसच्या मदतनीसांची पडताळणी कोणी केली तेही विचारा. लहान मुलींच्या स्वच्छतागृहाशी बाईमाणूसच हवी.

आणि मुलाने काही सांगितलं तर शाळेने ते दाबून ठेवणं हा गुन्हा आहे. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती मिळाली की पोलिसांना कळवायलाच लागतं. हाताखालच्या माणसाबद्दल असेल आणि संस्थाप्रमुखाने कळवलं नाही तर कलम २१ नुसार त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'आधी अंतर्गत चौकशी करू, शाळेचं नाव खराब होईल' हे ऐकूनच घ्यायचं नाही. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर मुलांना पाठ करून द्या.

---

निळाई

थेट प्रक्षेपणाचं पटलं. बाकीच्या मुलांचा विचार मी केला नव्हता. समितीची नावं सोमवारी विचारते.

---

थेम्सकाठी

आम्ही मूळचे नाशिकचे, आता इंग्लंडमध्ये. मुलगा इथल्या इंडिपेंडंट स्कूलमध्ये आहे, म्हणजे आपल्याकडची विनाअनुदानित. इथेही फी डोळे पांढरे करणारी, त्यात १ जानेवारी २०२५ पासून फीवर २० टक्के व्हॅट लागला. त्यामुळे पालक आता प्रत्येक गोष्टीचा हिशेब मागतात.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे यावी असं फार वाटतं: तपासणीचा अहवाल. अशा बऱ्याच शाळांची तपासणी इंडिपेंडंट स्कूल्स इन्स्पेक्टोरेट करतं, उरलेल्यांची ऑफस्टेड ही सरकारी तपासणी संस्था. अहवाल वेबसाइटवर असतो, कोणीही वाचावा. शिकवणं, मुलांचं शारीरिक-मानसिक स्वास्थ्य, सुरक्षितता, सगळं त्यात. आधी 'उत्कृष्ट' वगैरे एका शब्दात शेरा असायचा. इन्स्पेक्टोरेटने सप्टेंबर २०२३ पासून तो बंद केला. आता ठरलेली मानकं पूर्ण होतात की नाही ते लिहितात आणि का ते स्पष्ट करतात. पालकांनी आणि मुलांनी भरलेल्या प्रश्नावल्याही तपासनीस बघतात. मला हे एका शब्दाच्या शेऱ्यापेक्षा कितीतरी उपयोगी वाटतं, कारण वाचावं लागतं.

शिवाय प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेली एक वरिष्ठ व्यक्ती नेमलेलीच असते. तिचा फोटो आणि नाव भिंतीवर, अगदी मुलांच्या उंचीवर. माझ्या मुलाला पहिल्या आठवड्यात विचारलं, काही झालं तर कोणाला सांगशील? त्याने नाव सांगितलं.

याचा अर्थ इथे सगळं आलबेल आहे असं नाही. आमच्या ओळखीतल्या एका मुलीला वर्षभर चिडवलं जात होतं आणि शाळेने फार उशिरा लक्ष घातलं. पण तिच्या आईवडिलांना तक्रार कुठे करायची, किती दिवसांत उत्तर मिळेल आणि समाधान झालं नाही तर पुढे कुठे जायचं, हे सगळं छापील मिळालं.

---

माणदेशी

@थेम्सकाठी, आपल्याकडेही शाळांच्या मूल्यमापनाचा सरकारी आराखडा आहे. त्यात शाळा स्वतःच स्वतःला गुण देते. बाहेरून येऊन पडताळणारे मनुष्यबळ कमी पडते. विस्तार अधिकाऱ्यांची पदे रिकामी राहतात, जे आहेत ते जिल्हा परिषदेच्या शाळांतच गुंतलेले. खासगी शाळेत त्यांचे पाऊल पडते ते मान्यतेच्या कागदांपुरते. मुलांच्या वह्या बघणारे तिसरे कोणी उरलेले नाही. म्हणून पालकांनी बघायच्या.

---

चिठ्ठीत_नाव

पालकांच्या हातात काय असतं, हा पारिजातक यांचा प्रश्न होता. त्यावर.

महाराष्ट्रात शुल्क विनियमन कायदा (२०११) आहे. त्याप्रमाणे प्रत्येक खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असते. समितीत प्रत्येक इयत्तेतून एक पालक, आणि तो चिठ्ठी काढून निवडायचा असतो. व्यवस्थापनाच्या मर्जीतला नेमायचा नसतो. पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव सहा महिने आधी या समितीपुढे यायला लागतो.

गेल्या वर्षी माझं नाव चिठ्ठीत निघालं. पहिल्या बैठकीत आमच्यापुढे दोन पानं ठेवली आणि सह्या मागितल्या. फीवाढीचं कारण लिहिलं होतं 'पायाभूत सुविधा'. आम्ही तीन पालकांनी विचारलं, यात शिक्षकांच्या पगारावर किती जातं आणि गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले? उत्तर यायला दोन बैठका लागल्या, पण आलं. आकडे इथे लिहिणं योग्य नाही. एवढंच सांगतो, त्यानंतर नव्या ऑडिटोरियमचा खर्च पुढे ढकलला गेला आणि प्राथमिक विभागात दोन जादा शिक्षिका आल्या. आता कोणी रजेवर गेलं तर बदली तासाला त्याच जातात आणि बाकीच्यांचा तयारीचा तास शाबूत राहतो.

बससाठी वेगळी परिवहन समिती असते, २०११ च्या स्कूलबस नियमांप्रमाणे. मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांचा प्रतिनिधी सदस्य. बहुतेक ठिकाणी ती फक्त कागदावर असते. तिची शेवटची बैठक कधी झाली एवढं विचारलं तरी हालचाल होते.

पालकांना एक विनंती. चिठ्ठीसाठी अर्ज भरा. आमच्या इयत्तेत शंभरावर मुलं, आणि अर्ज आले होते नऊ.

---

वाटसरू७

हे समितीचं खरंच माहीत नव्हतं. दोन मुलं दहावी झाली, एकदाही अर्ज बघितला नाही. धाकट्या भावाची मुलगी आता पहिलीत जातेय, त्याला हा धागा पाठवतो.

---

पारिजातक

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

वर्गातले काही पालक मिळून आम्ही प्रिन्सिपल मॅडमना भेटलो. चढ्या आवाजात काहीच झालं नाही, कारण खडूफळांचं वाचून आम्ही आधीच ठरवलं होतं की टीचरची तक्रार करायची नाही. वह्या टेबलावर ठेवल्या, पान उघडलं. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच आणखी तीन वह्या मागवल्या. त्यांपैकी दोनांत तीच चूक, तीच खूण.

ठरलं ते असं. गणिताच्या वह्या आता कमी वेळा तपासल्या जातील, पण तपासतील तेव्हा टीचर चुकीजवळ एक वाक्य लिहील आणि मूल ते उदाहरण पुन्हा सोडवेल. रोजच्या सह्या बंद. कोऑर्डिनेटर सह्या मोजणार नाही, दर पंधरवड्याला पाच मुलांशी वही घेऊन बोलेल. आजारी मुलाच्या घरी फोन करायची जबाबदारी ऑफिसमधल्या एका ताईंवर नावानिशी दिली आहे. पहिल्या मजल्यावर कपड्यांचे जादा जोड ठेवणार आहेत. स्वच्छतागृहाच्या दोन कड्या दुसऱ्याच दिवशी बसल्या.

टीचर का टिकत नाहीत, याचं उत्तर मात्र मिळालं नाही. मॅडम म्हणाल्या, तो मॅनेजमेंटचा विषय आहे. चिठ्ठीत_नाव, तुम्ही विचारलेले दोन प्रश्न मी लिहून घेतलेत. आमच्या इयत्तेच्या पालक प्रतिनिधीशी बोलले, पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ते घ्यायला ती तयार आहे.

---

चिठ्ठीत_नाव

उत्तम. प्रश्न तोंडी विचारू नका. बैठकीच्या आधी लेखी द्या, पोच घ्या, आणि इतिवृत्तात नोंद झाली की नाही ते सही करण्यापूर्वी वाचा. आमच्याकडे पहिल्या इतिवृत्तात आमचा प्रश्नच गाळला होता.